चितारआळीला काम देऊया

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आपल्या गावाचा वारसा’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. सावंतवाडीचा वारसा म्हटलं की आपण मोती तलाव, राजवाडा आणि लाकडी खेळणी ही नावं एका दमात घेतो. तलाव आणि राजवाडा जागेवर आहेत. खेळण्यांचं तसं नाही. ती रोज कुणीतरी बसून करावी लागतात. म्हणून मी फक्त त्यांच्याविषयी आणि त्यांची सख्खी बहीण असलेल्या गंजिफ्याविषयी बोलणार आहे.

चितारआळीतली लाकडी केळी, पेरू, वांगी, भातुकली, भोवरे, रंगवलेले पाट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते होतात कसे, हे मात्र आपल्यातल्या किती जणांनी थांबून पाहिलं? लाखकामात लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग त्यावर केवड्याचं पान दाबून फिरवलं की चकाकी येते. कांडी किती जोराने दाबायची, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते हाताला कळावं लागतं.

गंजिफा म्हणजे आपले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात १० अवतारांचे १० संच, प्रत्येक संचात १२ पानं, एकूण १२० पानं. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हं. जुन्या रीतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान तयार करत, घोटत, रंगवत आणि शेवटी लाखेचा हात देत. एका पानाला समजा एकच तास धरला, तरी संचाला १२० तास झाले. रोज आठ तास बसलं तर १५ दिवस. हा हिशेब डोक्यात ठेवा आणि मग दुकानात “काय गो, इतकां महाग?” असं विचारायचं का, ते ठरवा.

मला या खेळात सर्वांत आवडतो तो त्याचा नियम. मत्स्य ते वामन या पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. पुढच्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा. हुकूम नाही. म्हणजे कुठली पानं पडून गेली हे लक्षात ठेवणारा जिंकतो. जत्रेत रात्रभर जागून दशावतार पाहिलेल्या आपल्या मुलांना अवतारांची नावं वेगळी शिकवावी लागणार नाहीत. मी माझ्या ऑफिसात एकदा हा डाव मांडला होता. दहा मिनिटांत नियम सांगून झाले आणि जेवणाची सुट्टी संपली तरी कुणी उठेना.

पण आपल्या गावात हा खेळ कोण खेळतं? छापील ५२ पत्ते स्वस्तात आले आणि गंजिफा मागे पडला. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं, तेव्हा तो करणारे हात जवळजवळ संपले होते. त्यांनी नुसतं कौतुक केलं नाही. राजवाड्यात बसायला जागा दिली, नव्या मुलामुलींना शिकवलं, माल विकायची सोय केली. राणीसाहेब स्वतः ही कला शिकल्या. आज गंजिफा जिवंत आहे तो त्या रोजच्या कामामुळे. आता खेळण्यांना आणि गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याचा अभिमान आहेच. पण मानांकनाने नाव राखलं जातं, हात राखले जात नाहीत.

मला नेहमी विचारतात, “तू कॉम्प्युटरमधली, यांना एखादी वेबसाइट का करून देत नाहीस?” वेबसाइट दोन सुट्ट्यांत होईल. उद्या त्यावर २०० संचांची मागणी आली तर ते रंगवणार कोण? आळीतल्या एका काकांना मी मुलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “पोरगो गोव्याक कामाक गेलो. थंय म्हयन्याचो पगार गावता.” त्या मुलाचं काही चुकलं नाही. आपणही पगारासाठीच गाव सोडलं. बारा महिने पुरेल एवढं काम इथे असेल, तरच पुढचा मुलगा लेथवर बसेल. पर्यटक मे महिन्यात आणि दिवाळीत येतो. पावसाळ्याचे चार महिने काम कोण देणार?

ते आपण देऊ शकतो. मी तीन गोष्टी सुचवते.

पहिली, आज आपण सरांना आणि बाईंना जी स्मृतिचिन्हं दिली ती ॲक्रिलिकची आहेत. पुढच्या मेळाव्याची स्मृतिचिन्हं आणि शाळेची वार्षिक बक्षिसं चितारआळीतून घेऊया. मागणी जूनमध्ये द्यायची, निम्मे पैसे आगाऊ, आणि घासाघीस नाही.

दुसरी, आपल्या बॅचतर्फे शाळेला गंजिफ्याचे चार संच देऊया. काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे, खेळायला. पानं झिजली तर उत्तम. नवीन करून घेता येतील. आठवीच्या मुलांची दरवर्षी स्पर्धा भरवू.

तिसरी, खेळण्यांसाठी पूर्वापार वापरतात ते पांगाऱ्याचं हलकं लाकूड आता सहज मिळत नाही. पांगारा फांदी रोवली तरी जगतो. एकेकाळी कुंपणाला आणि मिरवेलीला आधार म्हणून तो परड्यापरड्यांत असे. शाळेच्या गडग्याला लागून या पावसाळ्यात आपण तो लावूया.

यासाठीची वर्गणीची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाताना तिथे थांबा.