घरी केलेला ऑसिलोस्कोप
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले विज्ञानविषयक व्याख्यान)



टेबलावरचा हा ऑसिलोस्कोप आम्ही चौघांनी घरी जोडला. आज फोनच्या पडद्यावरही आवाजाचा आलेख दिसतो. मग जुन्या व्हॉल्व्हचा खटाटोप कशाला, असे पुष्कळांनी विचारले. आमचे उत्तर साधे आहे. यातला प्रत्येक भाग काय करतो हे बोट ठेवून सांगता येते.

कॅथोड किरणांची अशी नळी फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली प्रथम केली. आमची नळी तीन इंची, ३ बीपी १. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन पडद्यावर आपटतात, तिथे हिरवा ठिपका उमटतो. वाटेत पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. एक ठिपक्याला वर-खाली ओढते, दुसरी डावी-उजवीकडे.

नुसता आवाज दिला तर ठिपका उभ्या रेघेतच नाचतो. लाट दिसायची तर त्याला आडवेही चालवावे लागते. हे काम ८८४ हा वायू भरलेला व्हॉल्व्ह करतो. कपॅसिटर हळूहळू भरतो, ठरावीक व्होल्टेजला व्हॉल्व्ह पेटतो आणि तो झटकन रिकामा करतो. ठिपका सावकाश उजवीकडे जातो, क्षणात परत येतो. घरातल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. ही फेरी ४० मिलिसेकंदांची ठेवली की पडद्यावर दोन लाटा स्थिर उभ्या राहतात.

आता पालकांनीही ऐकावे. या नळीला हजाराहून अधिक व्होल्ट लागतात. बटण बंद केले तरी कपॅसिटरमध्ये वीज उरते, आणि ती जीव घेऊ शकते. म्हणून कपॅसिटरवर वीज निचरा करणारे रेझिस्टर कायमचे जोडले आहेत. तरीही थांबायचे, मीटर लावून खात्री करायची आणि मगच हात घालायचा, तोही एकच. एकट्याने झाकण उघडायचे नाही, हा आमचा नियम.

आम्हा चौघांपैकी तिघे निवृत्त आहेत. हे काम हाताशी बसून शिकावे लागते, आणि शिकणारे हवे आहेत. व्याख्यानानंतर पुढे या. आम्ही मायक्रोफोनसमोर एकच सूर आधी बासरीवर, मग पेटीवर वाजवू. बासरीची लाट गुळगुळीत दिसेल, पेटीची दातेरी. कानाला कळणारा फरक डोळ्यांनी पाहा, आणि ज्याला ‘असे का?’ हा प्रश्न पडेल, त्याने आपले नाव आमच्याकडे नोंदवावे.

गणपती बाप्पा मोरया!