शिबिर संपल्यानंतर



वडोदऱ्यातील ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अर्जलेखन शिकलो, त्याच शाळेत आमच्या मराठीच्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी लाभली, हा मी माझा सन्मान समजतो. विधी महाविद्यालयांतील विद्यार्थिमंडळे जी कायदाविषयक शिबिरे भरवितात, त्यांविषयी आज बोलावे असे मी योजिले आहे. कारण या विषयाचा पहिला धडा मला महाविद्यालयात नव्हे, तर गुरुजींच्या ओसरीवर मिळाला.

गोष्ट १९८३ सालची. आदल्या वर्षी, मार्च १९८२ मध्ये, जुनागढ जिल्ह्यातील तेव्हाच्या उना तालुक्यात लोकअदालत भरली होती आणि तिची चर्चा सर्व गुजरातेत होती. आम्हा विद्यार्थ्यांनाही स्फुरण चढले. शहराजवळच्या एका गावी आम्ही शिबिर घेतले. फलक, हारतुरे, दीपप्रज्वलन, सारे यथासांग झाले. राज्यघटनेतील समतेच्या हक्कावर मी स्वतः अर्धा तास बोललो. भाषणे संपली, तेव्हा मागे बसलेली एक वृद्ध विधवा उठली. नवरा वारल्यानंतर जमिनीच्या उताऱ्यावर दिराचे नाव चढले होते. आपले नाव लागावे म्हणून अर्ज कोणाकडे द्यायचा, एवढेच तिला विचारायचे होते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस असते आणि ती हयात असता दीर वारस होत नाही, हे आम्हांला परीक्षेपुरते पाठ होते. पण तलाठ्याकडे वारसाईची नोंद कशी मागावी, हे ठाऊक नव्हते. ‘चौकशी करून कळवू’ असे सांगून आम्ही छायाचित्रे काढली आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने मी गुरुजींना सारा वृत्तांत ऐकविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, ‘त्या बाईंचा अर्ज कोणी लिहिला?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघे मित्र पुन्हा त्या गावी गेलो. अर्ज लिहिला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळविण्यास मदत केली, हरकतींची मुदत संपेपर्यंत फेऱ्या घातल्या. काही महिन्यांनी तिचे नाव उताऱ्यावर लागले. उताऱ्यावरील नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे खरे. परंतु नोंदच नसेल तर खेड्यातील विधवेचा हक्क ऐकून घेणारा कोणी मिळत नाही, हेही तितकेच खरे.

मित्रांनो, गरिबाला न्यायाच्या दारी नेण्याचा विचार गुजरातेला नवा नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना त्यांच्या समितीने १९७१ साली विधी साहाय्याविषयी अहवाल दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ अंतर्भूत झाला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे आवश्यक केले. म्हणजे रस्ता बांधून तयार आहे. उणीव आहे ती बोट धरून नेणाऱ्याची.

विद्यार्थ्याला न्यायालयात वकिली करता येत नाही. सनद मिळाल्यावाचून तो अधिकार नाही. पण अर्ज लिहिता येतो, कागद वाचून दाखविता येतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीपर्यंत सोबत जाता येते. आणि हे सारे ऐकणाऱ्याच्या भाषेत करता येते. याच नगरीत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला आणि राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतील पर्याय मिळाले. राज्यकारभार प्रजेला समजलाच पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. वारसाई, जामीन, पोटगी हे शब्द सोपे करून सांगणारा विद्यार्थी तेच कार्य पुढे नेत असतो.

म्हणून विद्यार्थिमंडळांना माझी नम्र सूचना आहे. भाषणे दोनच ठेवा. उरलेला वेळ टेबल मांडून एकेकाचे गाऱ्हाणे ऐका. प्रत्येक प्रश्न वहीत नोंदवा. त्यापुढे उत्तर कोण शोधणार त्याचे नाव लिहा आणि पुन्हा येण्याची तारीख गावाला सांगूनच उठा. जे ठाऊक नसेल, ते ठाऊक नाही असे स्वच्छ सांगा. मात्र ठरल्या दिवशी उत्तर घेऊन जा. शिबिराचे मोल उपस्थितीच्या आकड्यावर नव्हे, दुसऱ्या खेपेवर ठरते.

गुरुजी आज आपल्यांत नाहीत. परंतु कोणत्याही सभेचा वृत्तांत वाचला की तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, ‘अर्ज कोणी लिहिला?’ आपल्यापैकी एखाद्या तरुणाला जरी उद्या त्याचे उत्तर ‘मी’ असे देता आले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.