हाताशी ठेवलेली माहिती

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



संगणकाच्या वेगाचे आपणां सर्वांस कौतुक वाटते. त्या वेगामागील एक युक्ती आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. तिला 'कॅश' म्हणतात. रोख पैशाशी तिचा काही संबंध नाही. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले आहे.

गृहिणी फोडणीच्या वेळी कोठीच्या खोलीकडे धावत नाही. मोहरी, हळद, तिखट ही मिसळणाच्या डब्यात तिच्या हाताशीच असतात. संगणकातही हाच न्याय आहे. प्रोसेसर अतिशय चपळ, परंतु मुख्य स्मृती त्या मानाने मंद. म्हणून नुकतीच लागलेली व तिच्या शेजारची माहिती एका लहान, जलद स्मृतीत ठेवतात. कारण तीच लवकर पुन्हा लागण्याचा संभव फार. ही जागा भरली म्हणजे, बहुधा जी माहिती फार वेळ वापरात आली नाही ती काढून नवीस जागा देतात.

केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी ही कल्पना १९६५ साली एका छोट्या लेखात मांडली. १९६८ साली आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या 'सिस्टिम ३६०, मॉडेल ८५' या यंत्रात ती प्रत्यक्षात आली. त्याच्या प्रोसेसरचे एक आवर्तन ८० नॅनोसेकंदांचे. मुख्य स्मृतीस मात्र सुमारे १००० नॅनोसेकंद लागत. मधली जलद स्मृती अवघी १६ ते ३२ किलोबाइटची, तरी बहुतेक मागण्या तीच पुरवी. आज असे दोन-तीन थर प्रोसेसरमध्येच असतात. शिवाय संकेतस्थळांच्या नकला ठिकठिकाणच्या संगणकांत आणि आपल्या मोबाइलमध्येही राहतात.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. मूळ बदलले आणि नक्कल जुनीच राहिली, तर वेगाने मिळते ती चुकीची माहिती! शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख अलीकडे आणली गेली व विद्यार्थ्याच्या मोबाइलने जुनीच तारीख दाखविली, तर त्या मुलाची संधी हुकेल. म्हणून नकलेस मुदत घालून देतात, किंवा मूळ बदलताच ती रद्द करतात. वाचणारानेही महत्त्वाचे पान नव्याने मागवून पाहावे, हे बरे.

आपल्या ज्ञातीची छापील कुटुंबसूची हीदेखील एक नक्कलच होय. ती हाताशी असते म्हणून उपयोगी. परंतु पत्ता बदलला, घरात जन्म वा विवाह झाला, तर तिला आपोआप कळत नाही. तेव्हा असा प्रत्येक बदल कार्यालयास वेळेवर कळवावा, अशी सर्व कुटुंबांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.