शिफारसपत्र म्हणजे वशिला नव्हे
(मावळ तालुक्यांतील शिक्षकांपुढें केलेलें भाषण)



मी कांहीं मोठा विद्वान नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडलों तो मावळांतच खडू हातीं धरला. तेव्हां हे अनुभवाचे दोन शब्द समजा.

अकरावीचा प्रवेश गुणांवर होतो. तेथें आपल्या पत्राची गरज नाहीं. परंतु पुढें मूल एखाद्या खाजगी विद्यापीठाकडे, परदेशी कॉलेजाकडे किंवा शिष्यवृत्तीकरितां अर्ज करूं लागलें, म्हणजे पुष्कळदां शिक्षकाचें पत्र मागतात. लोणावळ्याच्या बंगलेवाल्याच्या मुलास अशा वेळीं दहा ओळखी असतात. त्याच बंगल्याच्या राखणदाराच्या मुलीस तुमच्याआमच्यावांचून कोण आहे?

आतां माझीच चूक सांगतों. पवन मावळांतली एक मुलगी बारावी होऊन माझ्याकडे पत्र मागावयास आली. मीं घाईघाईनें लिहिलें, "विद्यार्थिनी होतकरू, आज्ञाधारक व सद्वर्तनी आहे." हीच ओळ मीं आणखी चौघांना दिली होती! तिला जागा मिळाली नाहीं. पत्रामुळेंच मिळाली नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण पत्र तिच्या उपयोगी पडलें नाहीं, हें खास. हीच मुलगी सातवींत असतां अंगणांत बाटली ठेवून चार महिने रोजचा पाऊस मोजीत होती आणि आंकडे वहींत मांडीत होती. मला हें ठाऊक होतें, आणि मीं तेंच लिहिलें नाहीं. आमच्या मुलांना "आज्ञाधारक" पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. "हिला स्वतःची बुद्धि आहे" असें कोण लिहिणार?

कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची गोष्ट आठवा. ते मुंबईस विल्सन हायस्कुलांत शिक्षक. चर्नी रोडच्या बागेंत एक मुलगा रोज वाचीत बसलेला त्यांनीं पाहिला. तो त्यांच्या शाळेचाही नव्हता. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला, तेव्हां गुरुजींनीं त्यास आपण लिहिलेलें बुद्धचरित्र दिलें. पुढें कॉलेजास पैसा पुरेना, तेव्हां सयाजीराव महाराजांकडे त्याच्याकरितां रदबदली केली. दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ति मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. गुरुजींनीं आधीं डोळ्यांनीं पाहिलें, मग शब्द टाकला. वशिला नात्यागोत्याकडे पाहतो. शिफारस ही पाहिलेल्या गोष्टीची साक्ष असते.

म्हणून माझें मागणें थोडकें आहे. पाहिलें तेवढेंच लिहा; खोटी स्तुति एकदां उघडकीस आली कीं मागून येणाऱ्या मुलांचें पत्रही कोणी खरें मानीत नाहीं. गरिबीचें रडगाणें गाऊन दया मागूं नका. त्या गरिबींत मुलानें काय केलें तें सांगा. "तूंच लिहून आण, मी सही करतों" असें म्हणूं नका. इंग्रजी येत नसेल तर मराठींत लिहा आणि जाणत्याकडून भाषांतर करवा. न वाचतां सही नको. लिहावयाचें नसेल तर मुदतीच्या आधींच स्पष्ट सांगा, म्हणजे मूल दुसरीकडे जाईल. आणि पत्राबद्दल पेढाही घेऊं नका. तें आपलें कामच आहे.

शेवटीं एकच. प्रत्येक मुलाच्या नांवानें वहीचें एक पान आजच घाला, आणि जें दिसेल तें तारखेनिशीं टिपून ठेवा. दहा वर्षांनीं तें मूल दाराशीं येईल, तेव्हां आपली पाटी कोरी नसावी.