तीस दिवसांचा नियम
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. कालपासून शिबिरात जमिनीच्या कागदांवर बोलणं चाललंय. रात्री जेवताना एक पोरगा आमच्याजवळ येऊन बसला. कॉलेजात असताना तो पळण्याच्या शर्यतीत पहिला यायचा. त्याचा कप घरात पत्र्याच्या पेटीत आहे. बाप वारला, कॉलेज सुटलं, आता तो रोजगार हमीवर खडी फोडतो. म्हणाला, "लोक हसतात. एवढा पळाला आणि पोचला कुठं, तर खडीवर." त्याच्यासाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी आज एका माणसाची हकिकत सांगायची आहे. शहरातल्या एका मित्राने इंग्रजीतून वाचून ती आम्हाला समजावून दिली.

हा माणूस अमेरिकेतला आदिवासी. नाव जिम थॉर्प. जमात सॅक अँड फॉक्स. आईबापाने जमातीच्या भाषेत ठेवलेल्या नावाचा अर्थ होता उजळलेली वाट. तो 1887 साली जन्मला आणि त्याच साली तिकडच्या सरकारने एक कायदा केला. जमातीची सामाईक जमीन मोडायची, माणशी तुकडे पाडायचे आणि उरेल ती 'जास्तीची' म्हणून गोऱ्यांना द्यायची. जिमच्या जमातीला माणशी 160 एकर मिळाले आणि बाकीची जमीन 1891 साली गोऱ्यांना खुली झाली. तेव्हा हे पोर चार वर्षांचं होतं. या कायद्याआधी तिकडच्या आदिवासींकडे सगळी मिळून सुमारे 13 कोटी 80 लाख एकर जमीन होती. 1934 पर्यंत 4 कोटी 80 लाख एकर उरली. बाकीची कागदावर सह्या-शिक्के होऊन गेली. आपल्याला हे नवीन नाही.

जिमचा जुळा भाऊ लहानपणीच तापाने गेला. पुढे आई गेली, मग बाप गेला. पोरगा शाळेतून सारखा पळून यायचा. शेवटी त्याला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईलच्या शाळेत घातला. ही आदिवासी पोरांची निवासी शाळा एका लष्करी अधिकाऱ्याने 1879 साली काढली होती. तिथे पोरांचे लांब केस कापायचे, आपली भाषा बोलायची बंदी, नावंसुद्धा बदलायची. आश्रमशाळेत राहिलेल्यांनी आपलं आपण समजून घ्यावं.

एक दिवस मैदानात मोठी पोरं उंच उडी मारत होती. दांडी कुणालाच पार होईना. जिम कामावरून चालला होता. कामाच्या कपड्यातच त्याने उडी मारली आणि दांडीच्या वरून गेला. तिथून तो खेळाडू झाला. 1912 साली स्वीडन देशात स्टॉकहोमला ऑलिंपिक भरलं. पाच खेळांची एक स्पर्धा आणि दहा खेळांची एक स्पर्धा, दोन्हींत जिम पहिला. पाचांपैकी चार खेळांत तो पुढे होता. दहाच्या स्पर्धेत 8,412 गुण, जगाचा विक्रम. एवढं करूनही त्या वेळी अमेरिकेतले सगळे आदिवासी त्या देशाचे नागरिक नव्हते. तो हक्क सगळ्यांना 1924 साली मिळाला.

आता नीट ऐका. सहा महिन्यांत, 1913 च्या जानेवारीत, पेपरात छापून आलं की या माणसाने 1909 आणि 1910 च्या सुट्टीत बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते. नियम असा होता, की खेळून पैसे घेतलेला माणूस ऑलिंपिकला चालत नाही. कॉलेजातली बरीच पोरं सुट्टीत पैसे घेऊन खेळायची, पण खोटं नाव लावून. जिम खऱ्या नावाने खेळला. त्याने पत्र लिहून कबूल केलं, की आपण साधा शाळेतला आदिवासी पोरगा, यात चूक आहे हे आपल्याला कळलं नाही. उपयोग झाला नाही. दोन्ही पदकं परत घेतली आणि यादीतून नाव काढलं.

पुढे तो पैशासाठी बेसबॉल आणि तिकडचा फुटबॉल खेळला. नाव मोठं होतं. पण पहिला मुलगा तीन वर्षांचा असताना 1918 साली गेला. त्याचा घाव राहिला. दारू लागली. हे लपवायचं कारण नाही, आपल्या पाड्यात दारूने काय होतं ते आपण रोज बघतो. चाळिशी उलटल्यावर खेळ संपला आणि त्याच वेळी देशभर मंदी आली. ऑलिंपिकचा विजेता लॉस एंजेलिसला बांधकामावर कुदळ-फावडं मारायला लागला. आपल्या पोराने हे लक्षात ठेवावं. कुदळ हातात आली म्हणून तो लहान झाला नाही. 1932 साली त्याच शहरात ऑलिंपिक भरलं. तिकिटाला पैसे नव्हते. कुणीतरी ते जाहीर केलं, मग त्याला मानाच्या जागेवर बसवलं आणि हजारो लोक उभे राहिले.

पण टाळ्यांनी पोट भरत नाही. सिनेमात छोटी कामं करून तो जगला. तिथे त्याने बघितलं, की गोऱ्यांना रंग फासून आदिवासी म्हणून उभं करतात आणि खरे आदिवासी दाराशी उपाशी असतात. त्याने आपल्या लोकांना गोळा केलं आणि मागणी लावली, आदिवासीचं काम आदिवासीलाच द्या. गावोगावच्या शाळांत जाऊन बोलला. आम्ही म्हणतो, त्याचं मोडलेलं आयुष्य खऱ्या अर्थाने इथं उभं राहिलं. स्वतःचं दुःख एकट्याने कुरवाळत बसायचं सोडून तो सगळ्यांच्या मागणीत शिरला. 1953 साली तो वारला तेव्हा हातात पैसा नव्हता आणि पदकंही नव्हती.

त्याची पोरं गप्प बसली नाहीत. अर्ज करत राहिली. शेवटी एक लेखक आणि त्याची बायको कामाला लागले. त्या बाईने 1912 सालची नियमांची पुस्तिका शोधून काढली. तीत लिहिलं होतं, की खेळाडूविरुद्धची तक्रार बक्षीस वाटल्यापासून तीस दिवसांच्या आत आली पाहिजे. तक्रार आली होती सहा महिन्यांनी! म्हणजे ज्या नियमांच्या नावाने पदकं काढली, त्याच नियमांप्रमाणे ती काढताच येत नव्हती. सत्तर वर्षं ते पुस्तक तसंच पडून होतं. ऑक्टोबर 1982 मध्ये वरच्या कमिटीला चूक मानावी लागली आणि 1983 च्या जानेवारीत त्याच्या पोरांच्या हातात पदकं दिली. तीसुद्धा नवी घडवलेली, जुनी केव्हाच गहाळ झाली. 2022 पर्यंत नोंदीत तो एकटा पहिला नव्हता, दुसऱ्याच्या जोडीने पहिला होता. म्हणजे तेव्हा लढा अर्धाच झाला होता.

आता आपलं बघा. 1978 सालचा सरकारी ठराव होता, की 31 मार्च 1978 च्या आधीपासून कसलेली जंगलजमीन अटींप्रमाणे नावावर करायची. गार्ड म्हणतो पुरावा कुठं? अरे, त्यांनीच दंड केला त्याची पावती हाच पुरावा! जिने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, त्याच पावतीवर तारीख आहे, की त्या साली आपण तिथं नांगर धरला होता. पण आपण काय केलं? कुणाची पावती कुडात खोचलेली वाळवीने खाल्ली, कुणी चूल पेटवली, कुणी रागाने फाडली. आणि नोटीस आली की आपण विचारत नाही, ही कुठल्या कलमाखाली, मुदत किती दिवसांची. अंगठा देऊन मोकळे होतो.

जिमला कुणी नियम वाचून दाखवला नाही. आपल्यात आता वाचणारी पोरं आहेत. शिकून नोकरी लागली नाही म्हणून तोंड लपवून बसायचं कारण नाही. ती अक्षरं या कामाची आहेत.

म्हणून ठरलं ते असं. पुढच्या अमावास्येच्या बैठकीला प्रत्येक घराने पावती, नोटीस, समन्स, फाटका असला तरी कागद आणायचा. अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्यायचा, कितीही घाई करोत. आणि चार पाड्यांचे कागद गोळा करून वहीत उतरवायचं काम त्या खडी फोडणाऱ्या पोराने घेतलंय. पाडे लांब लांब आहेत, पण तो म्हणतो, "पळायचं तर आम्हाला येतंच."

जिंदाबाद.