हात धुण्याचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत जमाखर्च मांडण्याचे काम आमच्याकडे असते. वैद्यकाविषयी अधिकारवाणीने बोलणे आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना शोभणारे नाही. परंतु यंदाच्या ताळेबंदाबरोबर एक जुनी चूक आपणासमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ती चूक औषधोपचाराची नाही, हिशेबाची आहे. म्हणूनच ती सांगण्याचा अधिकार आमचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली. त्या साथीचा देशातला तो पहिला बळी होता. शहरातल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, मास्कसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. शाळाशाळांतून हात धुण्याची प्रात्यक्षिके झाली, भिंतींवर तक्ते लागले. पुढे साथ ओसरली आणि तक्त्यांचे रंगही उडाले.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना पुन्हा कुलपे लागली. ऑक्टोबर २०२१ पासून त्या टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या, तेव्हा आपल्या रुग्णालयाने परिसरातील शाळांना सॅनिटायझरच्या बाटल्या आणि रंगीत तक्ते दिले. छायाचित्रे निघाली, त्या वर्षीच्या अहवालात ती छापलीही गेली. आपण आपला वाटा उचलला, असे आम्हाला मनापासून वाटले होते.

जुलै २०२२ मध्ये त्यांपैकी एका शाळेत जाण्याचा योग आला. बहुतेक बाटल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात कुलपात होत्या. आम्ही किंचित नाराजीनेच कारण विचारले. बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, हे पेट घेणारं रसायन आहे. पहिलीतली मुलं ते तोंडातही घालतील. आणि चिखलानं माखलेल्या हातांना याचा उपयोग तरी काय?” त्यांचे म्हणणे खरे होते. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ सालच्या पोलिओ मोहिमेत बारा बालकांना डोसाऐवजी चुकून सॅनिटायझर पाजले गेले होते, हे आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. शिवाय हात मळलेले वा तेलकट असतील तर सॅनिटायझर नीट काम करीत नाही, आणि जंतांची अंडी त्याने नष्ट होत नाहीत. तेथे साबण आणि वाहते पाणीच लागते.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. शाळेत १८० मुले होती. नळ तीन, त्यांतला एक नादुरुस्त. साबण नव्हता. मुलांनी बोटे ओली केली, चड्डीला पुसली आणि खिचडीच्या पंगतीत जाऊन बसली. आम्ही एका मुलाला हात धुण्याची पद्धत विचारली. त्याने तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखे, मनगट असे सगळे टप्पे न अडखळता करून दाखवले. आम्ही दिलेला तक्ता त्याला तोंडपाठ होता!

परतताना गाडीत आम्ही साधा गुणाकार केला. साबणाने नीट हात धुण्यास एका मुलाला ४० सेकंद लागतात असे धरले, तर चालू असलेल्या दोन नळांवर प्रत्येकी ९० मुलांना एक तास हवा. सुट्टी अर्ध्या तासाची, आणि जेवणही त्यातच उरकायचे. म्हणजे मुलांना शिकवण कमी पडली नव्हती; नळ कमी पडले होते, साबण कमी पडला होता. हा गुणाकार बाटल्या खरेदी करण्यापूर्वी करावयास हवा होता. तो आम्ही केला नाही, ही आमची चूक.

कोणी म्हणेल, कोरोना तर मुख्यतः हवेतून पसरतो असे पुढे स्पष्ट झाले. मग आता हे हात धुण्याचे कशाला? आक्षेप रास्त आहे. त्या आजारासाठी उघड्या खिडक्या आणि मोकळी हवा अधिक मोलाची होती. परंतु मुलांना केवळ कोरोनाच होत नाही. इजिप्तमधील कैरो शहरात २००८ साली साठ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. ज्या शाळांत मुलांना दिवसातून किमान दोनदा साबणाने हात धुवावयास लावले, तेथे फ्लूसारख्या आजारामुळे होणारी गैरहजेरी इतर शाळांच्या तुलनेत ४० टक्क्यांनी आणि जुलाबामुळे होणारी ३० टक्क्यांनी कमी झाली. पावसाळ्यात आपला बालरोग विभाग कशाने भरतो, हे येथे बसलेल्या आई-वडिलांना आम्ही सांगावयास नको. गरजू कुटुंबाचे बिल माफ करणे विश्वस्तांच्या हाती असते. लेकराच्या हाताला सलाईन लावलेली रात्र माफ करणे कोणाच्याच हाती नसते.

त्या शाळेत नंतर एक साधी सोय केली. छिद्रे पाडलेला लांब पाइप आडवा बसवला, खाली सांडपाण्याची पन्हळ केली. एका वेळी दहा मुले उभी राहतात; अठरा पाळ्यांत, म्हणजे साधारण बारा मिनिटांत, सारी शाळा हात धुऊन मोकळी होते. साबणाच्या वड्या कावळे पळवू लागले, तेव्हा बाईंनी त्या जाळीच्या पिशव्यांत बांधून टांगल्या. आजार किती घटले याचा आकडा आम्ही देणार नाही, कारण तशी मोजणी आम्ही केलेली नाही. मुले जेवणापूर्वी साबणाने हात धुतात, एवढेच आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मागणे. हिशेबात खर्च दोन प्रकारचा असतो, भांडवली आणि महसुली. पाइप हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो आणि त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. साबण हा महसुली खर्च. तो दर महिन्याला झिजून जातो आणि त्यावर कोणाचे नाव टिकत नाही. पहिल्या प्रकारासाठी दाते मिळतात, हा आपल्या औदार्याचा अनुभव आम्ही नेहमीच घेतला आहे. दुसऱ्यासाठी मात्र आम्हाला हात पसरावे लागतात. म्हणून परिसरातील शाळांच्या साबणासाठी आणि नळदुरुस्तीसाठी एक कायम निधी उभारावा, त्याचे मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्च करावे आणि त्याचा हिशेब दरवर्षी याच सभेत मांडला जावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळासमोर ठेवीत आहोत.

पुढली साथ केव्हा येईल हे कोणास ठाऊक नाही. ती येईल तेव्हा मुलांना हात धुण्याचे धडे नव्याने द्यावे लागणार नाहीत; ते त्यांना येतात. त्या दिवशी नळाला पाणी आणि पिशवीत साबण असावा, एवढी तजवीज आपण आज करू शकतो.