कुस्ती : पडद्यावरची आणि मातीतली



आज आपल्या समाजात दोन प्रकारच्या कुस्त्या एकाच वेळी नांदत आहेत. एक गावच्या यात्रेत, हलगीच्या ठेक्यावर, तांबड्या मातीच्या हौद्यात होते. दुसरी बैठकीच्या खोलीत, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर, हातांत कंट्रोलर धरून खेळली जाते. शिरूर किंवा दौंड येथील एखाद्या घरात आजोबांस पहिली ठाऊक असावी आणि नातवास दुसरी, हे आता नवलाचे राहिलेले नाही. दोघेही आपापल्या खेळास कुस्तीच म्हणतात. ह्यांतील एकीस थोर व दुसरीस क्षुद्र ठरवावे, असा माझा हेतू नाही. माझा प्रश्न निराळा आहे. खेळाचे नियम बदलतात, तेव्हा त्या बदलाचा भार कोणाच्या अंगावर पडतो?

प्रथम पडद्यावरच्या कुस्तीकडे वळू. अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूई नावाची संस्था प्रेक्षणीय कुस्त्यांचे खेळ भरविते. त्यांतील हारजीत आधीच ठरलेली असते, हे आता कोणापासून लपलेले नाही. ह्या कुस्त्यांवर बेतलेला '२के' नामक व्हिडिओ गेम बहुधा दरवर्षी नव्या आवृत्तीत निघतो. गंमत अशी की, मूळ कुस्तीचा निकाल जरी पूर्वनियोजित असला, तरी खेळातील निकाल मात्र खेळणाऱ्याच्या बोटांच्या चपळाईवर अवलंबून राहतो. म्हणजे नक्कल ही ह्या एका बाबतीत मुळापेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावयाची!

प्रत्येक आवृत्तीत काही नवे असावे लागते, नाहीतर गिऱ्हाईक ती का घेईल? २०२४ च्या आवृत्तीत प्रतिस्पर्ध्यास रुग्णवाहिकेत कोंबण्याची आणि शवपेटीत बंद करण्याची सोय झाली. हे प्रकार केवळ तमाशाचे होत. परंतु त्याच आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली, ती विचार करण्यासारखी आहे. खेळणाऱ्यास स्वतः पंच होता येऊ लागले. त्याने आवडत्या मल्लासाठी गणती भरभर करावी, नावडत्यासाठी रेंगाळत करावी. मात्र पक्षपात फारच उघडा पडला, तर त्याची उचलबांगडी होऊन दुसरा पंच येतो. पुढे २०२५ च्या आवृत्तीत, पूर्वी असलेली पण मध्यंतरी गाळलेली एक युक्ती परत आणण्यात आली. दोन्ही मल्ल एकमेकांस भिडून पकडीमागून पकड घेतात, आणि ज्यास योग्य जागा आधी सापडते त्याची सरशी होते. आपल्या तालमीतील वस्ताद हे पाहतील तर म्हणतील, "ही तर आमची खडाखडी!" हात अजमावणे, मान दाबून पाहणे, समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे ते ओळखणे, हे सारे आपल्या हौद्यात पूर्वापार चालत आले आहे.

ह्या खेळाच्या कर्त्यांची एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. २०१९ मध्ये निघालेली त्यांची आवृत्ती दोषांनी भरलेली निघाली. लोकांनी टीकेची झोड उठविली, तेव्हा पुढील वर्षाची आवृत्तीच रद्द करण्यात आली, आणि २०२२ मध्ये खेळ बऱ्याच अंशी नव्याने घडवून बाजारात आणला गेला. पडद्यावर चूक दुरुस्त होते ती अशी. खेळणाऱ्याचे फार तर काही पैसे व काही संध्याकाळी वाया जातात.

आता मातीकडे येऊ. आपल्या यात्रेतील कुस्तीचा मूळ नियम एकाच वाक्यात सांगता येतो. ज्याची पाठ जमिनीस लागली, तो चितपट झाला. गुण नाहीत, घड्याळ नाही. निकाल लागला तर निकाली, नाहीतर पंच कुस्ती बरोबरीत सोडवितात. माती हळद, ताक, तेल घालून मऊ केलेली असते. पाय तीत रुततो, म्हणून बळास व दमास महत्त्व येते. गादीवरची कुस्ती ह्याहून फार वेगळी आहे. तेथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, प्रतिस्पर्ध्यास खाली आणल्यास दोन गुण, रिंगणाबाहेर ढकलल्यास एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपली. मातीत पाऊण तास झुंजणाऱ्या मल्लास गादीवर पहिल्याच मिनिटात हार पत्करावी लागू शकते.

हा फरक ज्यांनी आपल्या अंगावर सोसला, त्यांपैकी एक कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले, तेव्हा गादी आणि तिचे नियम त्यांस जवळजवळ अपरिचित होते. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होय. तेथे एका प्रदीर्घ लढतीनंतर लगेच त्यांस सोव्हिएत मल्लाशी झुंजावयास सांगण्यात आले. मध्ये अर्धा तास विसावा मिळण्याचा नियम होता. परंतु तो नियम दाखवून त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. नियम कागदावर असून भागत नाही. तो ज्यास लागू आहे त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो.

आणि हे नियमही स्थिर नसतात. २००५ नंतर काही वर्षे दोन-दोन मिनिटांचे तीन डाव असत, आणि डाव कोरा राहिला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून पकडीचा लाभ कोणास द्यावयाचा ते ठरे. मल्लाच्या वर्षानुवर्षांच्या जोर-बैठका एका चेंडूच्या रंगावर! २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीच वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जागतिक संघटनेचे डोळे उघडले. मे महिन्यात नियम बदलून सध्याची दोन डावांची व एकूण गुणांची पद्धत आली, आणि सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्स येथे कुस्तीस तिचे स्थान परत मिळाले. प्रेक्षकास खेळ समजावा म्हणून केलेला हा बदल योग्यच होता. परंतु तो शिकावयास कोणास लागले? पहाटे उठून हौदा उकरणाऱ्या पोरास.

महाराष्ट्राने ह्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली स्थापिलेल्या कुस्तीगीर परिषदेच्या 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात, आणि दोहोंतील विजेते गदेसाठी परस्परांशी लढतात. तथापि तोडगा काढला म्हणजे तंटा मिटला, असे नव्हे. शिरूरहून सडकेने आणि दौंडहून लोहमार्गाने अहिल्यानगर गाठता येते. तेथेच फेब्रुवारी २०२५ मध्ये ही स्पर्धा झाली. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षे यांस चितपट ठरविले. आपले खांदे टेकलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. संतापाच्या भरात त्यांनी पंचांस लाथ मारली. पुढे गदेच्या लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही निर्णयावर आक्षेप घेऊन आखाडा सोडला. पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले, आणि आक्षेप घेणाऱ्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

खांदे टेकले की नाही, ह्याचा निवाडा मी करणार नाही. पंचावर पाय उचलणे हे तर कोणत्याही तालमीत अक्षम्यच. परंतु पडद्यावर जे करमणुकीसाठी मुद्दाम घातले जाते, त्या पंचाच्या पक्षपाताची नुसती शंका जरी हौद्याभोवती उभी राहिली, तर मल्लाची, वस्तादाची आणि खुराकासाठी दुभते जनावर राखणाऱ्या घराची सारी तपश्चर्या धोक्यात येते. कारण मल्लाच्या जवानीची दुसरी आवृत्ती निघत नाही.

म्हणून दोन सूचना करतो. तालुक्याच्या तालमींत मातीबरोबर गादीही असावी, आणि चालू नियम सोप्या मराठीत लिहून भिंतीवर लावावेत. मोठ्या स्पर्धांत वादग्रस्त क्षणाची चित्रफीत पंचांनी सर्वांसमक्ष पाहावी. जागतिक स्पर्धांत निर्णयास आव्हान देण्याची तशी रीत आहेच. आणि पालकांस एवढीच विनंती की, मुलाच्या हातातील कंट्रोलर हिसकावून घेऊ नये. यात्रेच्या दिवसांत त्यास एकदा हौद्याजवळ बसवावे. रेवड्यांवरच्या कुस्तीत त्याच्याच वयाचा पोर पाठीवर पडतो, उठतो, अंगावरची माती झाडतो आणि जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो, हे त्यास पाहू द्यावे. त्यानंतर तो पडद्यापुढे पुन्हा बसला, तरी काही बिघडणार नाही.